उघडून पाहणाऱ्याचे ऋण

मौन सत्याच्या पोटात जाते की असत्याच्या, हा प्रश्न कीर्तनात सोडविणे सोपे. स्वतःच्या अंगणात तो उभा राहिला म्हणजे शास्त्री म्हणविणाऱ्याचीही बोबडी वळते. आमची वळली, म्हणून हे लिहितो.

आम्ही कळंबचे. गावोगावच्या सेवेस जाण्यासाठी घरी एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात होणारी ही गाडी आता बनत नाही. मुंबईतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. तिचे १०८९ सी.सी.चे इंजिन मात्र साधे. त्यात कार्बोरेटर आहे, संगणक नाही; पाने आणि धीर जवळ असला की घरी उघडता येते.

उन्हाळ्यात गाडी तापू लागली. रेडिएटरात बुडबुडे येत, ऑईल ताकासारखे पांढुरके दिसे. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट गेले, हे पुतण्याने ओळखले. निंबाखाली त्याने पाणी व ऑईल काढले, हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल केले आणि हेड उचलले. गॅस्केट जळालेच होते. पण दोन वाल्वांच्या मध्ये केसासारखा तडाही निघाला. दुसरे हेड मिळेना. शेवटी नवे गॅस्केट घालून, बोल्ट मध्यापासून कडेकडे तीन फेऱ्यांत आवळून गाडी सुरू केली. गार असताना आवाज कसा टाळासारखा! लांब गेली की पुन्हा तापे.

पुढे गिऱ्हाईक ठरले. पुतण्या म्हणाला, “अण्णा, पाव्हण्याला सकाळीच बोलवा. इंजन गार हाय तवर दावू.” आम्ही “बरं” म्हटले. पाहुण्याने टायर पाहिले, फाटकी गादी पाहिली, आवाज ऐकला आणि विसार दिला. तड्याचे त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही.

त्याच दिवशी एस.टी.ने आम्ही तेरला कीर्तनास गेलो. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची पारख केली, ती कथा लावली आणि जीभ अडखळली. काकांनी वाजवून कच्चे उघडे पाडले; आम्ही वाजवून दाखवून कच्चे झाकले होते!

रात्रभर मन सबबी सांगत राहिले. त्याने विचारले कुठे? जुनी गाडी म्हणजे दोष असणारच. शिवाय खोटे तर आम्ही बोललो नाही. याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय आठवला: सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या दुप्पट दंड. त्यावर मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर तर आमच्या शेजारच्या कल्याणीचे, आजच्या बसवकल्याणचे. दंड कोण करील, हा प्रश्न नव्हता. गार इंजिन दाखविणे हेच “निर्दोष आहे” असे बोलणे नव्हे काय?

विचारांती आम्हांस असे वाटते. फाटकी गादी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसते. ती त्याने पाहावी. आम्हांस ठाऊक नसलेल्या दोषाचा जाब आम्हांस कोणी मागू नये. पण जे हेडखाली होते ते आम्हीच उघडून पाहिले, आणि गाडी पुन्हा बंद केल्यावर ते जगात आम्हां दोघांखेरीज कोणास दिसणारे नव्हते. जो उघडून पाहतो त्याच्यावर सांगण्याचे ऋण चढते. दुरुस्तीला घाम गाळला म्हणून ते फिटत नाही. उलट त्या घामानेच ते जडते.

सकाळी पाहुण्याकडे गेलो, विसार पुढे ठेवला आणि तडा सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “महाराज, हे काल सांगायचं व्हतं.” त्याने किंमत बरीच खाली आणली, आम्ही मान्य केली. पुतण्या दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तोच पाहुण्याकडे जाऊन, किती तापली म्हणजे थांबायचे आणि पाणी कधी पाहायचे, ते समजावून आला.

पैसे कमी मिळाले, ही गोष्ट खरी. पाहुण्याचे “काल” मात्र अजून कानात आहे.