राजीनाम्यावर एकाचीच सही

नोकरी सोडून धंद्यात उतरलेल्या माणसाची गोष्ट आपल्याकडे राजीनाम्यापासून सुरू होते. त्या दिवसांत घरातला किराणा कुणाच्या पैशांनी भरला जात होता, हे त्या गोष्टीत क्वचितच येतं. धंद्याची जोखीम प्रत्यक्षात कोण उचलतं हे आधी तिथे पाहायला हवं, आणि जो उचलतो त्याला धंद्यात हक्कही मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. हा प्रसंग स्वाभिमानाचा म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. पण ते बेळगावला परतले तेव्हा सायकलींचा धंदा तिथे आधीच सुरू झालेला होता. नोकरीत असतानाच लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या विकत. पुढे लोखंडी नांगर तयार झाला, तर लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. मग बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी माळरानाची जमीन दिली, कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांची जिद्द यातून तसूभरही कमी होत नाही. मात्र भावाचा आधार आणि संस्थानिकाचं कर्ज वगळून ती सांगितली, तर आजच्या तरुणाच्या हाती चुकीचा हिशेब पडतो.

१९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली तेव्हा नारायण मूर्तींना सुधा मूर्तींनी आपल्या साठवणीतले दहा हजार रुपये दिले. त्याहून मोलाचं मला वाटतं ते त्यांनी दिलेलं तीन वर्षांचं आश्वासन: तेवढा काळ घरखर्च मी पाहीन. मुलगी तान्ही होती, आणि घरात पगार यायचा तो सुधाताईंचा. संगणकाचं काम त्यांना उत्तम येत होतं, तरी नवरा-बायको दोघांनी कंपनीत असू नये असं मूर्तींचं मत पडलं आणि त्या बाहेर राहिल्या. तो निर्णय चुकीचा होता, असं मूर्तींनी पुढे जाहीरपणे म्हटलं आहे.

आज मध्यमवर्गीय घरात राजीनामा दिला जातो तेव्हा पगाराबरोबर आणखीही बरंच जातं. कंपनीचा गट-विमा संपतो आणि त्यावर असलेले आईवडीलही उघडे पडतात. नव्या पॉलिसीत जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. फ्लॅटचा हप्ता चालूच असतो. लहान उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सांगितलं, पण बऱ्याच घरांत पहिलं भांडवल येतं ते बायकोचे दागिने गहाण ठेवून. मेहुणा जामीन राहतो. बायकोच्या पगारावर दोन-तीन वर्षं घर चालतं. धंदा मात्र एकल मालकीचा, एकाच्या नावावर. तो बुडाला तर मालकाच्या घरादारावर टाच येऊ शकते, आणि चालला तर बायकोकडे दाखवायला एक कागदही नसतो.

घर एकच असताना असला हिशेब कशाला, असं विचारणारे भेटतात. हिशेब नको असेल तर दागिनेही मागू नयेत. ज्याचा पगार, दागिने किंवा घर धंद्यात अडकतं, त्याचं नाव भागीदारीपत्रात वाट्यासह असावं, आणि तोट्याची वही त्याला दर महिन्याला पाहता यावी. भागीदारी केल्याने कर्जाची जबाबदारीही त्याच्यावर येते, हे खरं. ती नको असेल तर मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करता येते. बँकेने वैयक्तिक हमी मागितली तर तीही डोळे उघडे ठेवून द्यायची.

या सगळ्याहून अवघड प्रश्न थांबण्याचा. सुधा मूर्तींनी मुदत घातली होती. आपल्या घरांत ती कुणी घालत नाही, कारण ती घालणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं मानलं जातं. मग धंदा बंद करायचा की आणखी सहा महिने ओढायचा, हे राजीनामा देणारा एकटाच ठरवत राहतो, त्या सहा महिन्यांचा हप्ता दुसऱ्याच्या पगारातून जात असतानाही. ती मुदत ठरवण्याचा अधिकार हप्ता भरणाऱ्याकडे असावा, आणि तो राजीनाम्यावर सही होण्याच्या आधी लेखी दिलेला असावा.