सेवा मोजावी का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सेवा तासांत मोजली, तिचं सर्टिफिकेट घेतलं, तर ती सेवा राहते का? काचीगुड्यातल्या आपल्या एका साधक परिवारात सध्या हा वाद चालू आहे. नात उस्मानिया विद्यापीठात शिकते, राष्ट्रीय सेवा योजनेत आहे आणि रविवारी एका सरकारी दवाखान्यात मदतीला जाते. आजोबा म्हणतात, "तास भरायला जाणं ही कसली सेवा? सेवा निष्काम पाहिजे." नात म्हणते, "आजोबा, तास भरायचे नसते तर मी त्या दवाखान्याची पायरी चढलेच नसते." दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणून यावर जरा विचार करू.

आधी ही योजना काय ते बघू. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, देशातल्या ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचं. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास. आपल्या भाषेत आठ प्रहर. गंमत बघा, वहीत १२० तास आणि छातीवर आठही प्रहर! सेवा तासांत मावत नाही, हे योजना करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला "आठही प्रहर सेवा कर" म्हटलं तर ते सुरुवात कुठून करणार? म्हणून वही.

आपण तरी वेगळं काय करतो? जप मोजतोच ना! नाम अनंत आहे, मग माळ कशाला, असं कुणी म्हणत नाही. मन पळतं, त्याला धरून ठेवायला मणी लागतो. मोजण्यातच दोष असता तर गुरूंनी माळ हातात दिली नसती. पण माळेबरोबर आणखी एक वस्तू आली, गोमुखी. जप किती झाला हे जपणाऱ्याला कळावं, चारचौघांना दिसू नये, म्हणून माळ पिशवीत. मोजा, पण झाकून. आजोबा आणि नातीच्या वादाचं उत्तर मला या पिशवीत सापडतं.

दवाखान्यात काय झालं ते सांगतो. काचीगुड्याचं स्टेशन १९१६ सालचं. मराठवाड्याकडच्या गाड्या इथे येतात आणि त्यांतून इलाजासाठीही माणसं येतात. तेलुगू समजत नाही, चिठ्ठी वाचता येत नाही, खिडकी कुठली ते कळत नाही. आपल्या मुलीला मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही येतात. चिठ्ठी वाचून द्यायची आणि बरोबर रांगेत नेऊन उभं करायचं, एवढंच तिचं काम.

पहिल्या रविवारी तिच्या गटाने केळी वाटली. वीस मिनिटांत संपली, फोटोही झाले. एका आजीने केळं घेतलं आणि पदर तोंडावर ओढला. नंतर मुलगी शेजारी जाऊन बसली, तेव्हा आजी हळूच म्हणाली, "केळं राहू दे माय. नंबर जाईल म्हणून सकाळपासून लघवीला बी उठले न्हाई. माझ्या जागी जरा बसतीस का?" मुलगी दहा मिनिटं बसली. वहीत असल्या कामाला रकाना नव्हता. पण त्या दिवसाची सेवा तीच होती. आपल्याला काय लागतं हे घेणाऱ्याला ठाऊक असतं; आपण विचारत नाही, म्हणून केळी वाटून येतो.

परत आल्यावर आजीने फडक्यातली भाकरी-चटणी पुढे केली. मुलीला संकोच वाटला, पण तिने खाल्ली. बरं केलं. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कुणाच्या दारची भाकरी फुकट खात नसत. आधी काहीतरी काम करून द्यायचे. घेणाऱ्यालाही मान असतो. आपण देतच राहिलो आणि त्याच्याकडून काहीच घेतलं नाही, तर त्याचा हात कायम खालीच राहतो. ती भाकरी नाकारली असती, तर दहा मिनिटांची सेवा उपकार होऊन बसली असती.

आता जरा आपल्याकडे बघू. पोरं सर्टिफिकेटसाठी करतात म्हणून आपण हसतो. पण आपल्या ग्रुपवर अन्नदानाचे फोटो पडतात, त्यांत वाढणाऱ्याचा चेहरा हसरा आणि जेवणाऱ्याची मान खाली. त्याला विचारलं होतं का? तो फोटो फिरत फिरत त्याच्या व्याह्याकडे गेला तर? पोरांच्या सर्टिफिकेटावर निदान फक्त त्यांचं स्वतःचं नाव असतं. आपल्या सर्टिफिकेटावर दुसऱ्याचं तोंड असतं.

काही जण म्हणतील, फोटो बघून आणखी चार जण पुढे येतात, वर्गणी देणाऱ्याला हिशोबही कळायला हवा. अगदी बरोबर. तांदूळ किती लागला, पानं किती वाढली, शिल्लक किती, सगळं लिहावं. भाताच्या पातेल्याचा फोटो खुशाल टाकावा. हिशोबाला कुणाचा चेहरा लागत नाही.

राहिला आजोबांचा शब्द, निष्काम. तो पहिल्या दिवशी कुणाच्याच अंगी येत नाही. नातीचे तास एक दिवस पुरे होतील. त्यानंतरच्या रविवारी आपण जाऊ का, हे आज तिलाही सांगता येत नाही. नाही गेली, तरी त्या आजीची दहा मिनिटं खोटी ठरत नाहीत. गेली, तर तो तास कुठल्याच वहीत येणार नाही. तो गोमुखीतला.

या आठवड्यात आपण सगळ्यांनी एक करून बघू या. ज्याच्यासाठी काही करायचं मनात आहे, त्याला आधी विचारू, "तुम्हाला काय लागतं?" मग तेवढंच करू, आणि ग्रुपवर टाकणार नाही. सुरुवात घरातल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसापासून झाली तरी चालेल.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥