मोकळीक आणि मुखत्यारी

‘झिम्मा’ २०२१मध्ये आला, ‘बाईपण भारी देवा’ २०२३मध्ये, आणि तेव्हापासून पुरवण्यांत आणि परिसंवादांत एक समाधान पसरलं आहे: पडद्यावरची पन्नाशी-साठीची बाई अखेर मोकळी झाली. ती परदेशी सहलीला जाते, मंगळागौरीला घाम गाळून नाचते, मैत्रिणींपाशी मनातलं बोलते. वय म्हणजे नुसता आकडा, असं जो तो म्हणतो. दोन्ही चित्रपट मला मनापासून आवडले. सुहास जोशी, रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांना कथेच्या केंद्रस्थानी पाहण्याचा आनंद आपल्याला फार उशिरा मिळाला. तरीही या समाधानाशी माझं भांडण आहे.

त्यामागची मांडणी अशी: पूर्वी म्हाताऱ्या बाईचे दोनच साचे होते. ‘एकटी’तल्या सुलोचनाबाई किंवा हिंदीतल्या निरुपा रॉय यांच्यासारखी सोसणारी आई, नाहीतर ललिता पवारांपासून ‘माहेरची साडी’तल्या उषा नाडकर्णींपर्यंत चालत आलेली खाष्ट सासू. आता दोन्ही साचे मोडले आणि त्यांच्या जागी माणूस दिसू लागलं.

पण हे दोन साचे एकाच गाठोड्यात बांधले की सगळंच चुकतं. सोसणाऱ्या आईच्या हातात काही नव्हतं. सासूच्या हातात होतं. कोठीची किल्ली तिच्या कमरेला असे. सुनेनं माहेरी केव्हा जायचं, धाकट्यासाठी कुठलं स्थळ पाहायचं, कुठला दागिना कुणाला द्यायचा, हे ती ठरवी. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका दहा वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिच्यातल्या सासूच्या, आशालता देशमुखांच्या, शब्दाबाहेर घरात पान हलत नसे. ही सत्ता क्रूर होती. ती मुलाच्या जोरावर उसनी घेतलेली होती, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या बाईवरच चालायची. ती परत यावी, असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण आपल्या पडद्यानं वयस्क बाईला निर्णय घेताना दाखवलं ते मुख्यतः खलनायिका म्हणूनच, हे नाकारता येत नाही. मग खलनायिका नको झाली, तेव्हा तिच्याबरोबर निर्णयही गेला. मागे उरली हसरी, समजूतदार, सगळ्यांना हवीशी वाटणारी बाई. तिला सगळ्याची मुभा आहे, पण तिच्या हो-नाहीवाचून कुणाचं काही अडत नाही.

कुणी म्हणेल, खरा प्रश्न नट्यांच्या वयाचा आहे. ‘वास्तव’मधल्या रीमा लागू पडद्यावरच्या आपल्या मुलापेक्षा, म्हणजे संजय दत्तपेक्षा, जेमतेम वर्षानं मोठ्या होत्या. अन्याय खरा, पण तो भूमिका वाटण्यातला. (त्याच आईनं शेवटी पोटच्या पोरावर पिस्तूल झाडायचा निर्णय घेतला होता, याची आठवण मात्र कुणी काढत नाही.) कुणी म्हणेल, हा सगळा तिकीटबारीचा हिशेब आहे. असेल.

माझ्या लेखी मोकळीक वेगळी आणि मुखत्यारी वेगळी. मोकळीक म्हणजे स्वतःपुरतं मनासारखं जगता येणं. मुखत्यारी म्हणजे आपल्या एका शब्दानं इतरांच्या वाट्याला काय येतं, यात फरक पडणं.

‘अग्गंबाई सासूबाई’च पाहा. २०१९मध्ये झी मराठीनं विधवा सासूच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट रोज संध्याकाळी घराघरांत नेली. हे लहान काम नव्हे, आणि निवेदिता सराफांनी आसावरीचा भिडस्तपणा फार खरा केला. पण तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय रेटला कुणी? सुनेनं, शुभ्रानं. आणि तो पटवायचा कुणाला होता? सासऱ्यांना आणि मुलाला. पुढे ‘अग्गंबाई सूनबाई’मध्ये आसावरीकडे कंपनीची सूत्रं आली, तेव्हा लेखकांनी काय केलं? आधीची धीट शुभ्रा भित्री आणि घरकोंडी करून टाकली. जणू त्या घरात अधिकाराचा पाट एकच, एक बसली की दुसरीनं उठायचं.

प्रत्यक्षात वयस्क बाईच्या मुखत्यारीची कसोटी लागते ती कागदावर. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मागे बायकोला मुलांच्या बरोबरीनं वाटा दिला. दिवस-कार्य उरकलं की वारसनोंदीची धावपळ सुरू होते, सातबाऱ्यावर नावं चढतात आणि लवकरच हक्कसोडपत्र पुढ्यात येतं. ‘आई, इथे सही कर.’ चष्मा शोधायलाही तिला वेळ मिळत नाही. शहरात हाच प्रसंग पुनर्विकासाच्या संमतिपत्राच्या रूपानं येतो. इतकं नाट्य घरोघर घडत असताना मालिका कारस्थानांसाठी विष आणि हरवलेली जुळी भावंडं शोधत बसतात.

पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४मध्ये कानला ग्रां प्री मिळालं. त्यात छाया कदम यांची पार्वती मुंबईतल्या रुग्णालयात स्वयंपाक करते. नवरा गेला आहे, राहती खोली बिल्डरला हवी आहे, आणि ती आपली आहे हे सिद्ध करणारा कागद तिच्याजवळ नाही. ती बिल्डरच्या जाहिरात-फलकावर दगड मारते आणि अखेर रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. गावच्या घरी ती नाचतेसुद्धा. त्या नाचाला मुक्ती म्हणायला जीभ रेटत नाही, कारण खोली गेली आहे हे आपल्याला ठाऊक असतं. पार्वतीला मुखत्यारी मिळत नाही, पण ती नाही हे तो चित्रपट लपवत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मोकळीक ही पहिली पायरी आहे, अधिकार मागाहून येईल. मला हे मुळीच पटत नाही. आई आठ दिवस फिरून आली तर मुलाचं काही जात नाही. उलट विमानतळावर सोडायला गेल्याचं पुण्य पदरी पडतं. आईनं सही करायला नकार दिला, तर जातं. ज्यात कुणाचंच काही जात नाही ते किती का वाढेना, त्यातून हिस्सा निघत नाही. आपल्या लेखकांनी त्या नकाराचा प्रसंग लिहावा, आणि नकार देणारीला पुन्हा कजाग न ठरवता लिहावा. तिची बाजू प्रेक्षकांना अवघड जाईल, मुलाची कीवही येईल. येऊ द्यावी.