नाश्ता, रक्त आणि आपली निराशा



हल्ली कुठल्याही बैठकीत एकच सूर. २०२५ साली गाझात पोरं उपासमारीनं मेली, इकडं गटारात उतरलेला आपला माणूस जिवंत वर येत नाही, जग असंच चालणार, आपण काय उखडणार? मीही हेच बोलायचो. चहा ढोसत, तावातावानं.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत मी जगभरच्या अन्यायावर अर्धा तास बोललो. खाली उतरलो तर एक मावशी म्हणाली, "भाऊ, आइकलं तुमचं भाषण. माह्यं पोट्टं रातभर वरडते, त्याचं काय करू सांगा ना जी." पोराला सिकलसेल. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडं फोडल्यासारखी दुखतात. मी चार घरं सोडून राहतो. मला पत्ता नव्हता.

अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांतही हाच आजार. १९६६ साली ऑकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी घेतलं, हे आपण छाती फुगवून सांगतो. त्यांच्या बंदुकीचा फोटो आपल्याला पाठ. पण जानेवारी १९६९ पासून त्यांनी चर्चमध्ये शाळकरी पोरांना फुकट नाश्ता वाढला, १९७१ पासून सिकलसेलच्या रक्ततपासण्या केल्या, हे कुणी सांगत नाही. एफबीआयच्या हूवरला त्या नाश्त्यातच मोठा धोका दिसला. शिकागोत नाश्त्याचं काम चालवणारा फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी बिछान्यातच मारला. एकवीस वर्षांचा होता.

कुणी म्हणेल, ही तर मलमपट्टी, क्रांतीचं काय? प्रश्न खोटा नाही. दयेची शिळी भाकर माणसाला वाकवते, ती आपल्या बापजाद्यांनी खाल्लीय. पण आपल्या माणसानं शेजारी बसून वाढलेलं ताट वेगळं. ते खाल्लेलं पोर उद्या विचारतं, सरकार का देत नाही? आणि निराशेचं म्हणाल तर, रात्रभर पोर मांडीवर घेऊन बसलेल्या मावशीला निराश व्हायला सवड नाही. ती चैन माझी.

आता आम्ही रविवारी विहारात तपासणी लावतो. आरोग्यसेविका बोटातून रक्ताचा थेंब घेते. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला चारात एक धोका, हे लग्नाआधीच कळायला हवं. पण पोरीचं लग्न मोडेल म्हणून लोक कार्डं लपवतात. म्हणून कार्यकर्त्यांनी आपली कार्डं आधी भिंतीवर लावली. माझ्यावर 'वाहक' लिहिलंय. घरात दोन दिवस अबोला होता.

रात्री त्या पोराचं दुखणं उठलं की दवाखान्यात कुणी न्यायचं, त्याची पाळी लावलीय. मंगळवार, शुक्रवार माझे. बुधवारला अजून माणूस नाही.