वैशाखातलं माप

वाघोलीत केसनंद फाट्याजवळ एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, समोर नगर रस्ता आणि त्यावर दिवसभर खडीच्या डंपरांची ये-जा. 2021 मध्ये वाघोली पुणे महापालिकेत गेली, तरी मिस्त्रीच्या बोलण्यात ते अजून ‘गाव’च होतं. मिस्त्रीला सगळे अण्णा म्हणत. हाताखाली एक पोरगा होता. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तो बारक्या.

एका शुक्रवारी संध्याकाळी खराडीच्या एका कंपनीत नोकरीला असलेला तरुण आपली नऊ वर्षांची मोटारसायकल घेऊन आला. लांबच्या प्रवासात पाठ दुखू नये म्हणून त्याने नुकतंच दोन इंच उंच हँडल बसवून घेतलं होतं. पिशवीतून त्याने एक खोका काढला. आत स्टीलच्या जाळीची नवी कोरी ब्रेक लाइन होती.

“अण्णा, पुढच्या डिस्कची एवढी लाइन बदलून द्या. ब्रेक दाबला की लिव्हर पार आत जातोय. उद्या पहाटे माळशेजला निघायचंय.”

अण्णांनी खोक्याकडे पाहिलंच नाही. एका हाताने ब्रेक लिव्हर दाबला, दुसऱ्या हाताच्या चिमटीत जुना रबरी पाइप धरला. “दादा, इथं बोट ठेवा.” तरुणाने बोट ठेवलं. लिव्हर दाबला की पाइप किंचित फुगत होता, सोडला की बसत होता.

“तुमच्या हाताचा जोर कॅलिपरला पोचायच्या आधी पाइप फुगवण्यात चाललाय. रबर आहे, नऊ वर्षं झाली. कंपन्या चार वर्षांनी बदला म्हणतात, ऐकतो कोण? नव्या लाइनीत आत टेफलॉनची नळी आणि वरून स्टीलची जाळी असते. ती फुगत नाही. आणलीत ते चांगलंच केलंत.” मग त्यांनी ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. ऑइल काळपट झालं होतं. “पण निम्मं दुखणं इथं आहे. हे कधी बदललं?”

“ते बदलावं लागतं?”

“दर दोन वर्षांनी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट 4 असेल तर 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तेच 155 च्या आसपास उकळायला लागतं. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून कॅलिपर तापला की आत वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकतो. मग लाइन सोन्याची असली तरी उपयोग नाही.”

अण्णांनी नवी लाइन हातात घेऊन बोटांनी चाचपली. जाळीवर प्लास्टिकचं पारदर्शक आवरण होतं. “हे बरं आहे. उघडी जाळी कानशीसारखी रंग, मडगार्ड, जिथं घासेल ते कापत जाते.” जुनी लाइन सोडवून त्यांनी दोन्ही शेजारी धरल्या. लांबी तंतोतंत सारखी. तरुण खूश झाला. “मॉडेलचं नाव टाकूनच मागवली होती.”

दोन्ही टोकांचे बँजो बोल्ट हातानेच, सैल बसवून अण्णा मागे सरकले. वर मास्टर सिलिंडरपासून खाली कॅलिपरपर्यंत लाइन झोकात उतरली होती.

“मस्त बसली की! आवळा आता,” तरुण म्हणाला.

“बारक्या, मागं बस.”

गाडी मधल्या स्टँडवर होतीच. बारक्या सीटच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसला, तसं पुढचं चाक उचललं गेलं. अण्णांनी इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवला. अंगावरचा भार उतरल्याबरोबर पुढचे शॉकअप पूर्ण लांब झाले आणि चाक खाली लोंबलं. झोकदार लाइन आता काठीसारखी सरळ ताणली गेली होती. वरचा बँजो तर जागेवरच कलला होता.

“हे काय झालं?” तरुणाने विचारलं.

“हँडल दोन इंच वर गेलं, लाइन होती तेवढीच राहिली. मॉडेलच्या नावाची लाइन मॉडेलच्या हँडलला पुरते. रबर थोडं दमानं घेतं, स्टीलची जाळी घेत नाही. खड्ड्यात चाक असं खाली पडेल तेव्हा तिला हिसका बसेल. एकदा, दहादा, शंभरदा. मग कधीतरी टोकाशी सुटेल.”

“पण अण्णा, गाडी अशी लोंबत थोडीच चालते? रस्त्यावर तर ती व्यवस्थित बसते.”

“कुठल्या रस्त्यावर?” अण्णांनी समोर बोट दाखवलं. बारक्या फिसकन हसला.

तरुणाचा सूर बदलला. “बरं, उद्यापुरती आवळून द्या. हळू चालवतो. परत आलो की बदलू.”

“ही लाइन लावून गाडी माझ्या दारातून जायची नाही. जुनं हँडल घेऊन या, हीच लाइन आत्ता बसवून देतो. नाहीतर लांब लाइन मागवा आणि थांबा.”

जुनं हँडल तरुणाने भंगारात दिलं होतं. तो म्हणाला, “मग चांगली हातभर जास्तच मागवतो. पुन्हा कटकट नको.”

“तेही नको. ब्रेक मारल्यावर शॉकअप दबतात, जास्तीची लाइन बाहेर फुगते, चाकाला घासते नाहीतर हँडल वळताना कुठंतरी अडकते. हौस म्हणून आखूड नको, भीती म्हणून लांब नको.”

अण्णांनी जुन्या स्पीडोमीटर केबलचा तुकडा आणला. चाक लोंबतंच होतं. केबल वरच्या टोकापासून क्लिपांमधून, लाइन जिथून जाणार त्याच वाटेने खाली नेली, बोटभर ढील ठेवली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. मग ठोकळा काढून शॉकअप खाली दाबायला लावले, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवलं, केबल कुठे घासत नाही ना ते पाहिलं. “हे माप. दोन्ही टोकांच्या बँजोचा कोनही लिहून घ्या. आणि एबीएसवाल्या मित्राला हे माप सांगू नका. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यांची लाइन आधी चेसिसवरच्या युनिटला जाते, म्हणून तिथं हँडल वळवल्यावरसुद्धा ताण येतो. ज्याची त्याची गाडी, ज्याचं त्याचं माप.”

तरुण गप्प झाला. अण्णा हात पुसत म्हणाले, “आमच्या मळ्यात विहीर होती. श्रावणात पाणी हाताला लागायचं. तेव्हा मापून कुणी दोर आणला की म्हातारा ओरडायचा. म्हणायचा, दोर वैशाखात मापा.”

माळशेजला मित्र त्याच्याविना गेले. मापाची लाइन यायला आठवडा गेला. पुढच्या शनिवारी तरुण स्वतः शेजारी उभा राहून पाहत होता. अण्णांनी टाकीवर ओला फडका टाकला, कारण ब्रेक ऑइल सांडलं की रंग उचलतं. प्रत्येक बँजोच्या दोन्ही अंगांना एक, असे तांब्याचे चार नवे वायसर घातले. जुने वायसर दबून बसलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. बोल्ट आवळताना लाइनीला पीळ पडू दिला नाही. सीलबंद बाटलीतलं डॉट 4 ओतलं. बारक्याने लिव्हर दाबून धरायचा, अण्णांनी आठच्या पान्याने निपल सोडायचं, पुन्हा बंद करायचं, मगच बारक्याने लिव्हर सोडायचा. पारदर्शक नळीतून बुडबुडे येणं थांबलं, लिव्हर टणक झाला, तेव्हा अण्णांनी तो जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला आवळून बांधला आणि दोन्ही जोडांना कोरा कागद लावला. अर्ध्या तासाने कागद कोराच निघाला.

चाक पुन्हा एकदा लोंबवून पाहिलं. लाइनीत बोटभर ढील होती.

तरुण गाडी घेऊन फाट्यापर्यंत गेला आणि बऱ्याच वेळाने परतला. “ब्रेक झकास. पण फाट्यावर अडकलो.”

“अडकणारच. तो रस्ता मापणाऱ्याने दुपारी तीनला माप घेतलं असेल,” अण्णा म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

तात्पर्य : उभ्या गाडीवर सगळंच बरोबर बसतं. गाडीची लाइन असो, घरातली शिल्लक असो की गावातला रस्ता, माप सोयीच्या दिवसाचं घेतलं तर ते अडचणीच्या दिवशी आखूड पडतं. माप घ्यायचं ते ताण सगळ्यात जास्त असेल तेव्हाचं. त्यावर बोटभर ढील ठेवायची, हातभर नाही.