पिलाताचं नाव

14 एप्रिलच्या वर्गणीची पावती फाडत होतो. सूतगिरणीतला माझ्या साच्यावरचा जोडीदार म्हणाला, "भावा, तुमच्या जयंतीच्या दहा दिवस आधी आमच्या एका माणसाला गोळी घातली होती. त्याच्या नावाची पावती कोण फाडणार?"

जोडीदार नगरकडचा ख्रिस्ती. त्याचे पूर्वज आमच्यासारखेच गावकुसाबाहेरचे. तो बोलत होता मार्टिन ल्यूथर किंगबद्दल. मी म्हटलं, तो आमचाही. 1959 साली किंग भारतात आला होता, तेव्हा केरळातल्या एका शाळेत हेडमास्तरांनी त्याची ओळख करून दिली ती अमेरिकेतला अस्पृश्य म्हणून. आधी त्याला धक्काच बसला. मग त्याला पटलं, की होय, मी तोच आहे. 1965 च्या प्रवचनात त्यानं स्वतःच हे सांगितलं.

इथवर आमचं जमलं. पण पुढं जोडीदार म्हणाला, "देवाची इच्छा होती. येशूसारखं बलिदान झालं त्याचं." आणि माझं डोकं फिरलं. बंदूक माणसाची, गोळी माणसाची, नेम माणसाचा, आणि इच्छा तेवढी देवाची? ती सगळी रात्रपाळी आम्ही भांडलो. हा लेख त्या भांडणातून आलाय.

दोस्तांनो, आधी काय घडलं ते बघू. मेम्फिस शहरात 1 फेब्रुवारी 1968 ला पावसातून आडोसा म्हणून दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या ट्रकमागे शिरले. यंत्र सुरू झालं आणि दोघे कचऱ्यासारखे चेंगरले गेले. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर. 12 फेब्रुवारीला सुमारे 1300 कामगारांनी संप केला. गळ्यात पाट्या अडकवल्या, "मी माणूस आहे." मेयर युनियन मानायला तयार नव्हता. त्या कामगारांसाठी किंग मेम्फिसला गेला. 4 एप्रिलला संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या गॅलरीत उभा असताना त्याला गोळी घातली. वय 39. म्हणजे नोबेल मिळालेला माणूस मेला तो झाडूवाल्यांच्या संपात. हे आपण ध्यानात ठेवलं पाहिजे.

तो आठवडा ख्रिस्ती लोकांच्या दुःखसप्ताहाला चिकटूनच आला. 7 एप्रिलला झावळ्यांचा रविवार. 12 ला येशूला क्रुसावर दिल्याचा शुक्रवार. 14 ला ईस्टर. आपण इथं बाबासाहेबांची जयंती करत होतो, त्या दिवशी तिकडं मेलेला उठला म्हणून गाणी चालली होती. शंभरावर शहरं पेटली होती, आणि त्याच वेळी लोक देवळात गुडघे टेकून रडत होते.

मी बुद्धाचा माणूस. बावीस प्रतिज्ञांवर चालणारा. मेलेला उठतो हे मी मानत नाही. पण मी मानत नाही म्हणून त्यांचं रडणं खोटं ठरत नाही. मला बघायचं होतं, या श्रद्धेनं त्यांना खाली बसवलं की उभं केलं?

8 एप्रिलला, नवऱ्याला मातीही दिलेली नसताना, कोरेटा किंग तीन पोरं बरोबर घेऊन मेम्फिसच्या रस्त्यावर आली. अडलेला मोर्चा तिनं पुढं नेला. 9 ला अटलांटात अंत्यविधी झाला. पेटी ठेवली खेचरांच्या गाड्यावर, गरिबाच्या गाड्यावर. चर्चमध्ये किंगचाच आवाज वाजवला, दोन महिने आधीच्या प्रवचनाचा. माझ्या मयताला नोबेलचं नाव काढू नका, भुकेल्याला जेवू घालायला धडपडला एवढं सांगा, अशा अर्थाचं तो बोलला होता. 16 एप्रिलला, ईस्टरनंतर दोन दिवसांनी, शहरानं युनियन मान्य केली, पगार वाढवला. मेलेला उठला की नाही ते मला माहीत नाही. संप मात्र उठला तो जिंकून.

म्हणून श्रद्धेला सरसकट अफू म्हणणारा मी आता जरा थांबतो. पण माझा राग गेलेला नाही. कारण क्रूस दोन्हीकडं होता. काळ्यांना झाडाला लटकवून मारणारे गोरेही रविवारी चर्चला जायचे. 1963 साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंगनं लांबलचक पत्र लिहिलं ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना, जे त्याला सबुरीचा सल्ला देत होते. जेम्स कोन या काळ्या धर्मपंडितानं 2011 च्या पुस्तकात क्रूस आणि ते फाशीचं झाड शेजारी ठेवून दाखवलं. एकाच लाकडाकडं बघून एक जण रडतो आणि दुसऱ्याला काहीच आठवत नाही. मग 'बलिदान' हा शब्द कुणाच्या तोंडी आहे, हे विचारावंच लागतं. मेलेल्याचं काम पुढं ओढणाऱ्या बाईनं तो वापरला तर मी मान झुकवीन. मेयरनं वापरला तर ते हात धुणं आहे.

हात धुण्यावरून आठवलं. भांडणानंतरच्या रविवारी जोडीदार मला त्याच्या चर्चमध्ये घेऊन गेला. सगळे उभे राहून आपल्या विश्वासाची कबुली म्हणाले. त्यात मरियेचं नाव, येशूचं नाव, आणि तिसरं नाव पंतय पिलाताचं. ज्या सुभेदारानं हात धुतले आणि क्रुसावर चढवायचा हुकूम दिला, त्याचं. शेकडो वर्षं हे लोक प्रार्थनेत त्या हुकूम देणाऱ्याचं नाव घेताहेत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघ, तुझा धर्मच सांगतोय. नुसती देवाची इच्छा नव्हती, पिलात होता." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लहानपणापासून म्हणतोय. कधी ऐकलंच नव्हतं."

त्यानंच मग मला क्षमेचं सांगितलं. 1974 साली किंगची आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असताना गोळीनं मारली गेली. मुलगा गेला, बायको गेली, तरी म्हातारा बाप जाहीरपणे सांगत राहिला, मी कुणाचा द्वेष करणार नाही. हे मला जमणार नाही. पण एक कळलं. क्षमा ही ज्याचं माणूस गेलं त्यानं द्यायची चीज आहे. ती त्याच्याकडं कुणी मागायची नाही. गावानं तर नाहीच नाही. घाव भरायच्या आत 'झालं गेलं विसरा' म्हणणारा क्षमा मागत नसतो, पुरावा मागत असतो.

आता आपलं. 1978 साली नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. आपण बॅनरवर 'शहीद' लिहितो, हार घालतो, घोषणा देतो. आपल्याला स्वर्ग नाही, ईस्टर नाही. म्हणून आपलं काम जास्त कडक आहे. मेलेल्याला वर कुणी सांभाळणार नाही. त्याला सांभाळायचं ते आपल्या आठवणीत आणि आपल्या कामात. रडायचं असेल तर खुशाल रडा, रडणं कमीपणा नाही. पण रडताना दोन गोष्टी सोडू नका. त्याचं अडलेलं काम, आणि पिलाताचं नाव.

यंदा जोडीदारानं वर्गणीची पावती घेतली. मी 4 एप्रिलला त्याच्या घरी मेणबत्ती लावून आलो.

जय भीम.