नेतृत्व : हौस की अमानत?

आपल्या मोहल्ल्यात ‘लीडर’ हा शब्द आता कौतुकाने उच्चारला जात नाही. एखादा मुलगा चारचौघांत जरा मोठ्याने बोलला, शेजाऱ्याचा अर्ज घेऊन तहसील कचेरीत गेला, की घरातून आवाज येतो, ‘‘लीडरी मत कर, पढाई कर.’’ मराठीतल्या ‘पुढारी’ या शब्दाचीही तीच गत झाली आहे. पुढे चालणारा तो पुढारी, इतका साधा आणि चांगला अर्थ त्याला होता. आज तो शब्द ऐकला की आश्वासने देणारा आणि निवडणूक संपली की न दिसणारा माणूस डोळ्यासमोर येतो. अशा वेळी महाविद्यालयात नेतृत्व हाही शिकण्याचा विषय आहे, असे कुणी सांगितले आणि आईवडील बिचकले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

त्यांच्या बिचकण्यामागे केवळ अनुभव नाही, एक धार्मिक संस्कारही आहे. पदाची मागणी करू नये, मागून घेतलेले पद माणसाला एकटे पाडते, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना दिली होती. मग जे मागायचेच नाही त्याचा अभ्यास कशाला करायचा? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

परंतु याच परंपरेत हजरत यूसुफ (अ.) यांचा प्रसंगही आहे. दुष्काळ समोर दिसत असताना त्यांनी मिसरच्या राजाकडे धान्यकोठारांची जबाबदारी स्वतःहून मागितली. ती मागताना त्यांनी आपल्या घराण्याचा किंवा मागे उभ्या असलेल्या गर्दीचा दाखला दिला नाही. मी राखण करू शकतो आणि मला त्यातले ज्ञान आहे, एवढ्या दोनच गोष्टी त्यांनी पुढे ठेवल्या. दोन्ही शिकवणी एकत्र वाचल्या की अर्थ उलगडतो. पदाची हौस वाईट. जबाबदारीची तयारी आवश्यक. आणि तयारी म्हटली की शिक्षण आलेच.

ही तयारी कशी असते हे पाहायला आपल्याला परदेशी व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांपर्यंत जाण्याची गरज नाही. दिवसातून पाच वेळा आपण ती पाहतो. जमातच्या नमाजमध्ये इमाम पुढे असतो आणि सारे त्याच्या मागे असतात. तो झुकला की सारे झुकतात. इतकी शिस्त दुसरीकडे क्वचितच दिसेल. पण इमाम चुकला तर? मागच्या माणसाने ‘सुब्हानअल्लाह’ म्हणून त्याला सावध करायचे असते. पठणात अडखळला तर लुकमा द्यायचा असतो. स्त्रिया मागच्या सफमध्ये असतील तर त्यांनी हातावर हात मारून इशारा करायचा असतो. म्हणजे अगदी शेवटच्या रांगेतल्या बाईच्या टाळीलाही पुढे उभ्या असलेल्या इमामाला थांबवण्याचा अधिकार आहे. इमामाचा वुजू तुटला तर तो कुणाला तरी मागून पुढे करतो आणि स्वतः बाजूला होतो. नमाज थांबत नाही. म्हणून त्याच्या लगेच मागे जाणत्यांनी उभे राहावे, असा संकेत आहे.

हजरत मुआज (रजि.) यांचा प्रसंग आपण मुलांना सांगतो. त्यांनी रात्रीच्या नमाजमध्ये फार लांब पठण केले. दिवसभर पाण्याचे उंट हाकून दमलेला एक माणूस जमात सोडून गेला. तक्रार प्रेषितांपर्यंत पोहोचली तेव्हा त्यांनी त्या दमलेल्या माणसाला नव्हे, मुआज यांना समज दिली. मागे म्हातारे असतात, दुबळे असतात, कामावर जाणारे असतात, याची जाण पुढच्याने ठेवायची असते. थांबवले तर थांबणे, मागच्यांचा दम ओळखणे आणि वेळ आली की जागा सोडणे, हे नेतृत्वाचे तीन धडे इथे आहेत. दुःख एवढेच की मशिदीच्या दाराबाहेर, आपल्या संस्थांत आणि कमिट्यांत पाऊल ठेवले की हे धडे आपण चपलांबरोबर पायात घालत नाही.

महाविद्यालयात काय होते? आपल्या राज्यात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळाच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेनुसार वर्ग प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. निवडणुकीतल्या हाणामाऱ्या आणि राजकीय पक्षांचा शिरकाव पाहता त्या निर्णयाला कारणे होती. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. पण मधल्या दोन दशकांत महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पिढीच्या मनात एक समज रुजला : ज्याला जास्त गुण तो प्रतिनिधी. हुशारी आणि प्रातिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला आलेला विद्यार्थी उत्तम प्रतिनिधी असू शकतो. पण ज्याला आपल्या बरोबरीच्यांकडे जाऊन ‘माझ्यावर विश्वास ठेवाल का?’ असे विचारावे लागले नाही, त्याला ‘मी तुमचे काय केले?’ हे सांगण्याची सवय कुठून लागणार?

ही उणीव थोडीफार भरून काढली ती राष्ट्रीय सेवा योजनेने. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा साधा आराखडा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला पदवीच्या श्रेयांकांतही जागा मिळाली. शिबिरात कुणाला तरी पहाटे सर्वांना उठवावे लागते, कुणाला किराण्याचा हिशेब ठेवावा लागतो, कुणाला भांडलेल्या दोघांना एका गटात कामाला लावावे लागते. संडासाच्या खड्ड्यासाठी गावकऱ्यांशी बोलताना पुस्तकी भाषा गळून पडते. नेतृत्वाच्या तासाला फळ्यावर जे लिहिले जाते त्याची खरी परीक्षा इथे होते.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलामुलींसाठी तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. दहावी-बारावीपर्यंत वर्गात हात वर करणारा मुलगा मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात गेला की मागच्या बाकावर गप्प होतो. त्याला उत्तर येत नाही असे नाही. ते मराठीत चारचौघांसमोर मांडण्याचा सराव त्याला नसतो. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले होते की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर वा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी होते. देशाचे प्रमाण सुमारे सात टक्के होते. मूठभर तिथवर पोहोचतात आणि त्यांतले बरेच गप्प राहतात, हे दुहेरी नुकसान आहे. मग आपल्या वतीने बोलायला तेच उरतात, ज्यांना बोलण्याशिवाय दुसरे काही येत नाही. शिबिराला मुलीला पाठवायचे की नाही यावर घरात खल होतो. पालकांची काळजी मी समजू शकते. पण महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत आणि एकविसाव्या वर्षी तिला ती निवडणूक लढवता येते. जिला सात दिवस घराबाहेर गटात काम करू दिले नाही, तिला उद्या खुर्चीवर बसवून सही मात्र नवऱ्याने करायची, असे होत असेल तर तो दोष कुणाचा?

शिकून नेतृत्व येते का, या शंकेचे उत्तर आपल्या बुलडाणा जिल्ह्यातच आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने राज्यात संयुक्त दुसरा क्रमांक मिळवला. (जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा ते वेगळे.) या स्पर्धेची पद्धत ध्यानात घेण्यासारखी होती. आधी गावातल्या काही जणांनी प्रशिक्षण घ्यायचे : पाणलोट म्हणजे काय, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम कसे न्यायचे, समतल चर कसा आखायचा आणि गावाला एकत्र कसे आणायचे. मग ८ एप्रिलपासून ४५ दिवस भर उन्हात श्रमदान. शिकून आलेल्यांनी नुसते भाषण केले असते तर डोंगरावर एकही चर खणला गेला नसता. त्यांना स्वतः कुदळ हातात घ्यावी लागली. आणि नुसती कुदळ चालवली असती, आखणी शिकले नसते, तर घाम गाळूनही पाणी वाहूनच गेले असते. ज्ञान आणि राखण, हजरत यूसुफ यांच्या त्या दोन गोष्टी, इथे पुन्हा भेटतात.

नेतृत्वाच्या अभ्यासात इतिहासही हवा, पण केवळ जयजयकारासाठी नको. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम उभी करणारे बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अलीगढचे सर सय्यद अहमद खान काँग्रेसच्या विरोधात होते. १८८८ मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला. दोघेही समाजाच्या शिक्षणासाठी झटणारे, आणि समाजाचे हित कशात आहे यावर दोघांचे मत पूर्ण वेगळे. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू वाचाव्यात आणि स्वतः ठरवावे. ‘कौम’चा आवाज एकच असतो आणि वेगळे बोलणारा गद्दार असतो, हा समज अशा वाचनाने गळून पडेल. वेगळे मत ऐकून घेता न येणाऱ्याच्या हाती कितीही पदव्या असल्या तरी त्याने पुढे उभे राहू नये.

एक धोका मात्र मान्य करावा लागेल. नेतृत्व शिकवण्याच्या नावाखाली दोन तासांचे जोशपूर्ण व्याख्यान, टाळ्या आणि प्रमाणपत्र, असाही प्रकार चालतो. कसे उभे राहावे, हात कसा मिळवावा, समोरच्यावर छाप कशी पाडावी, हे शिकवले जाते; छाप पाडून काय करायचे, हे राहून जाते. असे शिक्षण पुढाऱ्याला अधिक गुळगुळीत करील, अधिक प्रामाणिक करणार नाही. अमानतीची जाणीव नसलेल्या हाती हे कौशल्य देण्यापेक्षा ते न दिलेले बरे.

म्हणून नेतृत्व शिकून आलेल्या मुलाला किंवा मुलीला आपण साधे प्रश्न विचारावेत. स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा हिशेब तू भिंतीवर लावलास का? तुझ्या विरोधात बोललेल्याला पुढच्या बैठकीला बोलावलेस का? वर्गात जो कधीच बोलत नाही, त्याला तू बोलते केलेस का? पुढच्या वर्षी तुझी जागा घेईल असा कुणी तयार केलास का? चारांपैकी दोन उत्तरे जरी ‘होय’ आली, तर ‘लीडरी मत कर’ म्हणणे आपण थांबवावे. आणि तो चुकेल त्या दिवशी मागच्या सफमधून त्याला सावध करण्याची आपली जबाबदारी आपणही विसरू नये.